मदत हवी आहे: पाण्यावर उतरणाऱ्या दोन सीटर विमानाचा विमा

नमस्कार मंडळी. विमान दोन सीटर, चाकांमुळे धावपट्टीवरही उतरणारं, रोटॅक्स 912 इंजिन, नाशिकजवळ ओझरला ठेवायचा विचार. इंजिनाचा हिशेब लागतो: ओव्हरहॉल (पूर्ण खोलून दुरुस्ती) 2000 तासांनी, रबरी होज (नळ्या) बदलायचे दर 5 वर्षांनी, उडा वा न उडा. अडतंय विम्यापाशी. चाकं खाली राहिली आणि पाण्यावर टेकलं की विमान नाकावर उलटतं, म्हणून कंपन्या हात आखडतात. हल पॉलिसीत (खुद्द विमानाच्या नुकसानीचा विमा) पाण्यावरचं उतरणं धरतात, की फक्त धावपट्टी? पायलटचे पाण्यावरचे किती तास मागतात? डिडक्टिबल (नुकसानीतला आपण भरायचा वाटा) पाण्यासाठी वेगळं? नुसत्या थर्ड पार्टीवर भागवणं धोक्याचंच. खाऱ्या पाण्यातून आल्यावर चाकांची बेअरिंग धुऊन ग्रीस करायला मजुरी किती धरावी?