अकरा वर्षांनंतरचे पापनिवेदन आणि उपवासकाळाविषयी काही शंका

बावखलकाठ (वसई), ११ फेब्रुवारी २०२६

सर्वांस नमस्कार. येत्या बुधवारी, १८ तारखेला, राखेचा बुधवार असून त्या दिवसापासून आपला उपवासकाळ सुरू होत आहे. मी जन्माने कॅथलिक आहे आणि माझे वय ३९ आहे. आमच्या घरी हे चाळीस दिवस मटण, कोंबडी आणि दारू पूर्ण बंद असते व ही बंदी मी आजवर एकदाही मोडलेली नाही. मात्र पास्काच्या, म्हणजे ईस्टरच्या, दुपारी मटणाचे ताट पुढे आले की पहिले पाढे पंचावन्न. गेल्या वर्षी प्रथमच मनात आले की, या चाळीस दिवसांत माझे वजन दोन किलो घटते, त्यापलीकडे माझ्यात काहीच घडत नाही.

शेवटचे पापनिवेदन, म्हणजे धर्मगुरूंपुढे पापांची कबुली, मी लग्नाच्या आदल्या आठवड्यात केले होते, त्याला अकरा वर्षे झाली. या वर्षी जावे असे मनापासून वाटते. पण इतक्या वर्षांचे काय आणि कसे सांगायचे हे कळत नाही, आणि खरे सांगायचे तर लाजही वाटते. शिवाय ‘पश्चात्ताप’ म्हणजे नेमके काय वाटायला हवे? मला रडू येत नाही, की छाती भरून येत नाही. मग माझा पश्चात्ताप खोटा समजायचा का?

व्यवहारातल्या दोन अडचणी अशा की, मी अंधेरीला रात्री दहाच्या पाळीत काम करतो, त्यामुळे माझ्या उपवासाचा दिवस कोठून कोठपर्यंत मोजावा हे ठरत नाही. आणि आई ६७ वर्षांची असून तिला मधुमेह आहे, तरीही ती राखेच्या बुधवारी व शुभ शुक्रवारी (गुड फ्रायडेला) एका जेवणावर राहण्याचा हट्ट धरते. तिला कसे समजवावे?

जाता जाता सांगतो की, वाडीच्या वाटणीनंतर सामाईक विहिरीच्या पाण्यावरून धाकट्या भावाशी तीन वर्षे बोलणे नाही. त्याचा या प्रश्नाशी थेट संबंध नाही, पण घरातले वातावरण कळावे म्हणून लिहिले.

जुना धर्मशिक्षक (मुंबई)

नियमांचा भाग सोपा आहे, म्हणून तो आधी उरकतो. १९८३ च्या धर्मसंहितेनुसार, म्हणजे चर्चच्या कायद्यानुसार, उपवास, म्हणजे दिवसात एकच पूर्ण जेवण, वयाची १८ वर्षे पूर्ण झाल्यापासून ५९ वे वर्ष पूर्ण होईपर्यंत बंधनकारक आहे, आणि तोही राखेचा बुधवार व शुभ शुक्रवार या दोनच दिवशी. उरलेल्या दोन वेळा थोडेसे खाण्यास मुभा आहे. मांसवर्ज्य मात्र १४ वर्षे पूर्ण केलेल्या प्रत्येकाला लागू असून त्याला वयाची वरची मर्यादा नाही. तरी आजारपणात त्यातूनही सूट मिळते. आपल्या मातोश्रींवर उपवासाचे बंधन वयामुळे नाही आणि प्रकृतीमुळे तर मुळीच नाही. आपण समजावत बसू नका. त्यांच्या धर्मगुरूंनाच दोन शब्द सांगायला लावा. मुलाचे न ऐकणाऱ्या आया फादरचे ऐकतात, हा माझा अनुभव आहे.

धर्मसंहितेत दिवस मध्यरात्रीपासून मध्यरात्रीपर्यंत मोजला जातो. म्हणजे मंगळवारी रात्री दहाला आपण कामावर गेलात आणि बाराच्या आत डबा संपवला तर तो मंगळवारचा. साडेबाराला उघडला तर तो बुधवारचा. एरवी शुक्रवारी एखादा महोत्सव, म्हणजे सर्वांत वरच्या दर्जाचा सण, आला तर मांसवर्ज्याचे बंधन नसते. २०२२ साली २५ मार्चचा प्रभुसंदेशाचा सण असाच शुक्रवारी आला होता आणि २०२७ मध्ये १९ मार्चचा संत योसेफचा सण शुक्रवारी येणार आहे. हे सांगितले की वर्गातील मुलांचे चेहरे उजळत, म्हणून लक्षात राहिले आहे.

चाळीस दिवसांचा हिशेबही अनेकांना ठाऊक नसतो. राखेच्या बुधवारपासून पास्काच्या आदल्या दिवसापर्यंत ४६ दिवस होतात. त्यातील सहा रविवार हे प्रभूच्या पुनरुत्थानाचे दिवस म्हणून उपवासातून वगळले की ४० उरतात.

एक खंत मांडतो. शुक्रवारी मांस वर्ज्य आहे म्हणून पाचूबंदरावरून भल्यामोठ्या पापलेटांचा जोड आणून त्यावर ताव मारणारी घरे मी पाहिली आहेत. नियमाच्या दृष्टीने त्यात काहीही चूक नाही, कारण मासे, अंडी व दूध वर्ज्य नाही. परंतु चारशे रुपयांची कोंबडी सोडून हजाराचे पापलेट खाणे हा जर त्याग असेल, तर तो रोजच करायला कोणाची हरकत असणार? वाचलेले पैसे भुकेल्याच्या ताटात जावेत, हा या प्रथेमागचा जुना हेतू आहे. कॅरिटास इंडिया या चर्चच्या सेवासंस्थेसाठी उपवासकाळात चर्चमध्ये जो निधी गोळा होतो, तो याच हेतूचे आजचे रूप होय.

पाटपाणी (श्रीरामपूर तालुका)

सरांनी नियम नीट सांगितले. मी पश्चात्तापाविषयी लिहिते.

आपली भाषा येथे थोडी फसवते, असे मला वाटते. ‘पश्चात्ताप’ या शब्दात नंतर होणारा ताप आहे, म्हणून आपण तो ताप किती चढला हे पाहत बसतो. शुभवर्तमानात येशू ज्या शब्दाने लोकांना हाक देतो तो मूळ ग्रीक शब्द ‘मेटानोइया’ आहे आणि त्याचा अर्थ मन पालटणे असा होतो. जुन्या करारातील संदेष्टे तर सरळ ‘परत फिरा’ असेच म्हणतात. वाट चुकलेला माणूस रडत परतला काय किंवा कोरड्या डोळ्यांनी परतला काय, तो परतला की नाही एवढेच घरचे पाहतात. देवावरील प्रेमापोटी आलेले दुःख हे परिपूर्ण, आणि पापाच्या किळसेपोटी किंवा शिक्षेच्या भीतीने आलेले ते अपूर्ण, असा भेद ख्रिस्तसभा (चर्च) करते. पण प्रायश्चित्त संस्कारासाठी, म्हणजे पापनिवेदनासाठी, ते अपूर्ण दुःखही पुरेसे मानले जाते. त्यामुळे रडू येत नाही म्हणून आपण थांबू नये.

माझेच उदाहरण देते. आमच्या बचत गटाचा हिशेब काही वर्षे माझ्याकडे होता आणि त्यातील ४,२०० रुपये मी घरखर्चात वापरले. कोणाच्याही लक्षात आले नाही. दोन उपवासकाळ मी दर शुक्रवारी क्रुसाच्या वाटेच्या प्रार्थनेला गेले, चहा सोडला, चपलाही सोडल्या, आणि पापनिवेदनात ‘लोभ केला’ असे दोन शब्द सांगून मोकळी झाले. तिसऱ्या वर्षी फादरांनी विचारले, “लोभ म्हणजे काय केले, बाई?” मी सांगितले. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, “पैसे परत केलेत का?” मला वाटले होते, प्रायश्चित्त म्हणून तीन ‘नमो मरिया’ प्रार्थना मिळतील. धर्मगुरू ही गोष्ट कधीच कोणाला सांगू शकत नाहीत, तो त्यांच्यावरचा निर्बंध आहे. माझ्यावर तो नाही, म्हणून लिहिते आहे. पैसे चार हप्त्यांत भरले. पहिला हप्ता भरला त्या दिवशी अध्यक्षबाईंसमोर जी मान खाली गेली, ती अनवाणी चालताना कधीच गेली नव्हती.

आता थोडे स्पष्ट लिहिते, रागावू नये. मांसाहाराविषयी, पाळीविषयी आणि आईविषयी आपण सविस्तर लिहिलेत, पण भावाची गोष्ट ‘जाता जाता’ म्हणून शेवटी टाकलीत, आणि तिचा संबंध नाही असेही वर सांगितलेत. मला तर सगळ्या पत्रात तेवढ्याच दोन ओळी उपवासकाळाविषयी वाटल्या.

मांडवीतीर (गोवा)

पाटपाणीताईंशी मी सहमत आहे, तरी देहाने करायच्या साधनेची बाजू थोडी मांडू द्यावी. आमच्याकडे गोवा वेल्हा येथे उपवासकाळाच्या पाचव्या रविवारनंतरच्या सोमवारी संतांच्या मूर्तींची मिरवणूक निघते. लहानपणी मला त्यात फक्त गर्दी आणि चणे-फुटाणे दिसत. आता गुडघे कुरकुरतात तरी उभा राहतो, आणि उभे राहून राहून मन गप्प होते, हे अनुभवाने कळले आहे. अनवाणी चालणे किंवा चहा सोडणे निरर्थक नाही. ते पैसे परत करण्याच्या जागी बसवले की निरर्थक होते. योएल संदेष्टा ‘वस्त्रे नव्हे, हृदये फाडा’ असे म्हणतो तेव्हा त्याच दमात उपवासही करायला सांगतो, हे विसरू नये.

बावखलकाठ, आपण एकदम फार मोठा संकल्प करू नये. रोजचा मिस्सा (चर्चमधील उपासना), रोजची रोजरी (जपमाळ), संपूर्ण बायबल, असे ठरवणारे पहिल्याच आठवड्यात गळतात. मी तीनदा गळलो आहे. रात्रपाळीहून परतताना लोकलमध्ये बायबलमधील ५१ वे, क्षमायाचनेचे स्तोत्र वाचावे. पाच मिनिटे लागतात. पापनिवेदनासाठी पवित्र आठवड्यापर्यंत, म्हणजे पास्काच्या आधीच्या आठवड्यापर्यंत, थांबू नये. त्या दिवसांत आसपासचे धर्मगुरू एकत्र बसतात खरे, पण रांग इतकी लांब असते की मागच्या माणसाच्या खोकल्यानेही आपण शब्द गिळतो. साध्या दिवशी संध्याकाळी वेळ मागून जावे आणि आत बसताच ‘अकरा वर्षे झाली, मला मदत करा’ एवढेच म्हणावे. पुढचे विचारणे त्यांचे काम आहे. गंभीर पापे कोणती आणि साधारण किती वेळा घडली हे आठवेल तेवढे सांगायचे असते. प्रामाणिकपणे आठवूनही जे सुटले ते क्षमेतून सुटत नाही, पुढे आठवले तर पुढच्या वेळी सांगावे.

भावाविषयी एकच सांगतो, कारण माझाही वडिलोपार्जित घराचा दावा कोर्टात आहे. पश्चात्ताप म्हणजे आपला न्याय्य वाटा सोडून देणे असे कोणी सांगितले तर ऐकू नये. दावा चालू ठेवूनही माणूस भावाला ‘बस, चहा घे’ म्हणू शकतो. वाट्यापलीकडे आपण त्याला जे छळतो, तेवढे शोधावे. ते दुसऱ्या कोणाला सांगता येणार नाही, आपल्यालाच माहीत असते.

बावखलकाठ, ३ मार्च २०२६

उत्तरास उशीर झाला, क्षमस्व. पाटपाणीताई, आपले वाचून दोन दिवस राग आला होता, हे कबूल करतो.

आईचा प्रश्न सरांच्या युक्तीने सुटला. फादरांनी तिला सांगितले की गोळ्या घेऊन वेळेवर जेवणे हीच तुमची या वर्षीची आज्ञापालनाची साधना. ती आता जेवते, पण जेवताना फादरांवर कुरकुरते.

शनिवारी संध्याकाळी पापनिवेदनाला गेलो. अकरा वर्षे सांगायला वीस-पंचवीस मिनिटे पुरली, याचेच आश्चर्य वाटले. मांडवीतीर यांनी लिहिलेले ‘वाट्यापलीकडचे’ मला शोधावे लागले नाही. विहीर सामाईक आहे, पण पंपाच्या स्टार्टरच्या पेटीला कुलूप मी लावले आहे आणि किल्ली माझ्याकडे असते. भावाचा मुलगा किल्ली मागायला येतो. मी कधी झोपलेला असतो, कधी किल्ली ‘सापडत नाही’. गेल्या एप्रिलमध्ये त्याच्या केळीला ओळीने आठ दिवस पाणी मिळाले नाही आणि नव्वद-एक झाडे बसली. ती मी रोज खिडकीतून पाहत होतो. फादरांना हे सांगताना प्रथमच आवाज फुटेना.

त्यांनी केळीची भरपाई कशी करायची ते आपसांत बोलून ठरवा असे सांगितले आणि प्रायश्चित्त म्हणून किल्लीचे पाहा म्हणाले. रविवारी स्टेशनजवळ दुसरी किल्ली करून घेतली, साठ रुपये झाले. संध्याकाळी स्वतः घेऊन गेलो. भावाने दारातच घेतली, बस म्हणाला नाही. किल्ली उलटसुलट करून पाहिली आणि विचारले, “ही लागते ना नीट?” मी म्हटले, लावून पाहिली आहे. भरपाईचे मात्र तोंडातून निघाले नाही, तसाच परतलो.

काल पहाटे पाळी संपवून घरी आलो तेव्हा पंप चालू होता.

एक शंका उरली आहे. नव्वद झाडांची किंमत आजच्या भावाने धरावी की गेल्या वर्षीच्या घडांच्या हिशेबाने? कोणी वाडीवाले असल्यास कृपया सांगावे.