पेराक इंग्रजांनी घेतलं, की अब्दुल्लानं दिलं?

बखरवाला
मलायातल्या पेराक सल्तनतीचा इतिहास वाचताना मला सारखा दुसरा बाजीराव आठवतो. १८७१ मध्ये सुलतान अली वारला. वारसाहक्क राजा मुदा (म्हणजे युवराज) अब्दुल्लाचा, पण हा गडी अंत्यविधीला फिरकलाच नाही. सरदारांनी इस्माईलला गादीवर बसवलं. मग अब्दुल्लानं सिंगापूरच्या इंग्रज गव्हर्नराला पत्र धाडलं: मला सुलतान माना, तुमचा रेसिडेंट (दरबारी बसणारा इंग्रज सल्लागार) ठेवून घेतो. २० जानेवारी १८७४ ला पांगकोरचा करार. वसईच्या तहात आणि यात फरक काय? राज्य भाऊबंदकीत गेलं. इंग्रजांना शिव्या नंतर घाला.

तिरकस
फरक आहे, कथील! पेराकमधल्या लारूतच्या कथील खाणींवरून घी हिन आणि हाय सान या चिनी टोळ्या एकमेकांचे मुडदे पाडत होत्या आणि सिंगापूर-पिनांगच्या व्यापाऱ्यांचा पैसा त्यात अडकला होता. गव्हर्नर क्लार्कला निमित्तच हवं होतं. अब्दुल्ला नसता तर दुसरा कुणी गाठला असता. शिवाय राजचिन्हं इस्माईलकडे, आणि तो पांगकोरला आलाच नाही. त्याच्या माघारी त्याची गादी वाटली. याला 'दिलं' म्हणायचं?

बखरवाला
दुसरा गाठला असता, पण गाठला गेला अब्दुल्लाच ना!

नदीकाठचा
मुळात पांगकोर कराराचं कलम वाचा. मलय धर्म आणि रीतिरिवाज सोडून सगळ्या बाबतीत रेसिडेंटचा सल्ला घ्यायचा *आणि त्याप्रमाणे वागायचं*. असा कसला सल्ला? त्यात पहिला रेसिडेंट आला बर्च. सिलोनमध्ये नोकरी केलेला, मलय भाषेचा गंध नाही. सरदारांच्या करवसुलीवर घाव घातला, कर्जापायी गुलाम झालेल्या बायका पळून आल्या तर त्यांना आसरा दिला. २ नोव्हेंबर १८७५ ला पासीर सालाकला त्याची माणसं नवे जाहीरनामे चिकटवत होती आणि साहेब नदीवरच्या न्हाणीघरात. तिथला सरदार महाराजा लेला, त्याच्या माणसांनी तिथंच भाले खुपसले.

उंबरठा
थांबा. गुलाम बायकांना आसरा देणं हा गुन्हा कधीपासून झाला? 'रीतिरिवाज' म्हणताना त्या बायकांना कुणी विचारलं होतं का?

नदीकाठचा
गुन्हा नाहीच. पण १८७७ पासूनचा रेसिडेंट ह्यू लो, त्यानं तेच काम सुलतान-सरदारांना कौन्सिलात बसवून, कलाकलानं केलं. १८८३ अखेर गुलामी बंद.

तिरकस
कलाकलानं? बर्च मेल्यावर हिंदुस्थान आणि हाँगकाँगहून पलटणी उतरल्या. (हिंदुस्थानातून गुरखे. रेसिडेंटची शक्कलही आपल्या संस्थानांवर घासून पुसून तयार केलेली.) २० जानेवारी १८७७ ला, कराराला बरोबर तीन वर्षं होताना, लेला फासावर. सोबत दातो सागोर हा सरदार, जो करारावर सही करणाऱ्यांपैकी होता. एवढं झाल्यावर लो समोर आवाज कोण चढवणार? आणि तुमचा अब्दुल्ला सेशेल्स बेटांवर हद्दपार!

बखरवाला
बाजीरावाला निदान बिठूर आणि सालाना आठ लाख मिळाले. मत बदलत नाही. लेलाविरुद्ध मात्र मी एक शब्द बोललेलो नाही, त्यानं पांगकोरला सही केली नव्हती.