मदत हवी आहे: कॅबिनेट पुडिंग साच्यातून अखंड कसं काढायचं?

नमस्कार मंडळी,

इंग्लंडमधलं जुन्या पद्धतीचं कॅबिनेट पुडिंग इथे कुणी घरी करतं का? शेजारच्या आजींच्या ऐंशीव्या वाढदिवसाला मला ते करायचं आहे. त्यांची आई ते करायची. आमच्या गावातल्या बेकऱ्यांमध्ये विचारलं, कुठेच मिळत नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: साच्याला आतून सढळ हाताने लोणी फासायचं, तळाशी पाकवलेल्या चेरी आणि अँजेलिकाच्या (एका वनस्पतीचे साखरेत पाकवलेले देठ) हिरव्या तुकड्यांची नक्षी मांडायची, वर स्पंज केक आणि बेदाण्यांचे थर. मग दूध, अंडी, साखर, व्हॅनिलाचं कच्चं कस्टर्ड ओतायचं, केक नीट भिजू द्यायचा आणि लोणी लावलेला कागद बांधून वाफवायचं. जिलेटिन घालून गार सेट करतात तो प्रकार वेगळा. मला वाफवलेलंच हवंय.

माझं प्रमाण: अर्धा लिटर दूध, ४ अंडी, ७५ ग्रॅम साखर, साधारण १५० ग्रॅम शिळा स्पंज. मोदकपात्रात तासभर वाफवते. चव सुरेख येते, मधला भाग खरवसासारखा मऊ होतो, पण कडेला जाळी पडते आणि ताटलीत उलटं केलं की पाणी सुटून एक बाजू ढासळते. अंडं जास्त तापलं की आकसतं आणि पाणी सोडतं, म्हणजे आच कमी हवी हे कळतंय. पण मोदकपात्रात पाणी खळखळू न देता वाफ कशी टिकवायची? की ओव्हनमध्ये गरम पाण्याच्या ट्रेमध्ये साचा ठेवून १६० अंशांवर करू? तसा ओलसरपणा राहतो का?

शिवाय कस्टर्ड ओतताना चेरी सरकतात. लोणी फासून, नक्षी मांडून साचा आधी फ्रिजमध्ये ठेवला तर त्या धरून राहतील का?

आणि सगळ्यात महत्त्वाचं. आजींनी त्यांच्या आईचा तांब्याचा साचा दिलाय. खाचांमधली कल्हई शाबूत आहे, पण कंगोऱ्यांवर लाल तांबं उघडं पडलंय. म्हणून सध्या स्टीलच्या डब्यातच करून बघतेय. यूकेमध्ये कुणी अशा भांड्याला कल्हई करून घेतली आहे का? किती दिवस लागले, आणि साच्याची नक्षी बुजली नाही ना? वाढदिवस पुढच्या महिन्याच्या अखेरीस आहे.

बिनअंड्याच्या कृती कृपया नकोत, आजींना ओळखीची चव लागायला हवी.