प्रति: एमआरआय नॉर्मल, मग डिप्रेशन कसलं?

‘एमआरआय नॉर्मल आला, म्हणजे सगळे मनाचे खेळ’ हे वरचं म्हणणं पटलं नाही. साधा एमआरआय गाठ, रक्तस्राव असलं दाखवतो. मेंदूचे कोणते भाग एकत्र चालतात ते फंक्शनल एमआरआयमध्ये कळतं. २०२४ मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात आलेल्या अभ्यासात डिप्रेशनच्या बहुतेक रुग्णांमध्ये सेलियन्स नेटवर्क (कशाकडे लक्ष द्यायचं ते ठरवणारं मेंदूच्या भागांचं जाळं) मेंदूच्या बाह्यपटलावर जवळजवळ दुप्पट पसरलेलं दिसलं. आणि मूड सुधारला तरी ते आक्रसलं नाही! पुढे डिप्रेशन झालेल्या मुलांमध्येही ते आधीपासूनच मोठं होतं.

अर्थात, निदानासाठी हा स्कॅन अजून वापरत नाहीत. माझ्या भावाला परळच्या डॉक्टरांनी तो सांगितलाच नाही. निवांत बोलले, थायरॉइड तपासायला लावलं. आई मात्र ‘रिपोर्टच नाही तर गोळ्या कसल्या?’ म्हणून अडून बसली होती.