अंधशाळेतली ‘स्वावलंबी असावा’ ही अट काढून टाकावी का?

चाफेकळी
भाचा ७ वर्षांचा. वेळेआधी जन्मला, मेंदूला इजा झाली. दिसत नाही आणि सेरेब्रल पाल्सीही आहे, म्हणजे हातापायांवर नीट ताबा नाही. अंधशाळेत गेलो तर म्हणाले, जेवण आणि शी-शू त्याचं त्याला जमलं पाहिजे. मतिमंद मुलांच्या शाळेत गेलो तर म्हणे, अंध मुलांना शिकवणारं आमच्याकडे कुणी नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ६ ते १८ वयाच्या मुलांना जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. त्यातल्या २१ प्रकारांत बहुविकलांगताही येते. मग ही अट कशाच्या जोरावर? अनुदान घेणाऱ्या शाळांना तरी ती काढायला लावा.

खडूफळा
अंधशाळेत शिकवतो, म्हणून लिहितो. आमच्याकडे रात्री वसतिगृहावर एकच काळजीवाहक असतो. एखाद्याला फिट आली तर बाकीची पोरं कुणी बघायची? माणसं न देता प्रवेश दिलात तर मूल दिवसभर कोपऱ्यात बसून राहील आणि पटावर नाव तेवढं चढेल. आधी पदं भरा, मग अट काढा.

चाफेकळी
मुलं पटावरच नसतील तर पदं मागणार कुणासाठी?

पारावरचा
वाईट वाटेल, पण बोलतो. पैसा मोजका आहे. तो ब्रेल, कॉम्प्युटर शिकून पायावर उभ्या राहणाऱ्या मुलांवर आधी खर्च व्हावा. बाकीच्यांसाठी २०२० च्या शैक्षणिक धोरणात गृहाधारित शिक्षण आहेच की.

रानवाट
@पारावरचा, ते गृहाधारित शिक्षण आमच्या तालुक्यात येऊन बघा. कधीतरी एक भेट, रजिस्टरवर सही, मुलासोबत फोटो. आणि ‘पायावर उभं राहणं’ हाच निकष असता तर १९७७ साली मुंबईत बहिऱ्या-अंध मुलांसाठी हेलन केलर संस्था निघालीच नसती.

मी विशेष शिक्षिका आहे, आणि माझं भांडण तुम्हा सगळ्यांशीच आहे. ब्रेल म्हणजेच शिक्षण असं धरून चाललाय. मेंदूच्या इजेमुळे न दिसणाऱ्या अनेक मुलांचे डोळे बऱ्यापैकी ठीक असतात, मेंदूला दृश्याचा अर्थ लागत नाही. अशा मुलापुढे काळ्या कापडावर एकच लाल किंवा पिवळी वस्तू ठेवा, खोलीतला गलका थांबवा आणि वाट बघा. काही मुलं हळूहळू नजर वळवायला लागतात. सकाळी दिसलेलं संध्याकाळी दिसेलच असं नाही, म्हणून ‘नाटक करतो’ असा शिक्का बसतो, तो वेगळाच.

दुसरं, वस्तूंचं वेळापत्रक. हातात चमचा दिला की जेवण, टॉवेलचा तुकडा दिला की अंघोळ. वस्तू ओळीने खणांत ठेवायच्या, काम झालं की ती ‘संपलं’च्या डब्यात टाकायची. नेदरलँड्सच्या यान फान डायक यांनी बहिऱ्या-अंध मुलांसाठी ही पद्धत रुजवली. पुढे काय होणार हे कळलं की रडणं, चावणं बरंच उतरतं. शिकवताना मुलाचा हात धरून ओढायचा नाही, आपला हात त्याच्या हाताखाली ठेवायचा.

शी-शू शिकवणं हाच या मुलांचा अभ्यासक्रम. ते येत असेल तरच प्रवेश, हे बाराखडी येत असेल तरच पहिलीत घेऊ म्हणण्यासारखं झालं.

खडूफळा
@रानवाट, हे आम्हाला डी.एड.ला ओझरतं शिकवलं होतं, प्रत्यक्ष करून कुणी दाखवलं नाही. पाच-सहा मुलांचा वेगळा वर्ग आणि त्यासाठी तयार झालेला शिक्षक असेल तर माझी हरकत नाही. पण फक्त दिवसाचा. वसतिगृहात नको, यावर मी ठाम आहे.

चाफेकळी
दिवसाचा वर्ग म्हणजे वहिनीने रोज याला मांडीवर घेऊन एसटीने जायचं-यायचं. व्हीलचेअर गाडीत चढत नाही. त्यापेक्षा आईला सोबत राहायला एखादी खोली द्या ना.

खडूफळा
संस्थाचालकांना विचारतो. आशा धरू नका.