शेजारच्या घरात मारहाण होते आहे, मी काय करू शकते?

अबोली

आम्ही मिरजेत दुसऱ्या मजल्यावर भाड्याने राहतो. समोरच्या फ्लॅटमध्ये नवरा-बायको, दोन वर्षांची मुलगी आणि सासू. सून पंचविशीतली, माहेर जतकडचं, वडील नाहीत. नवरा रात्री उशिरा येतो, मग भांडी आदळल्याचे आणि मारल्याचे आवाज येतात. ती ओरडत नाही, मुलगी रडते. दुसऱ्या दिवशी जिन्यात भेटली तर एवढ्या उन्हाळ्यातही मानेभोवती ओढणी घट्ट गुंडाळलेली.

मागच्या आठवड्यात मला राहवलं नाही. वाटी घेऊन बेल वाजवली आणि विरजण मागितलं. सासूने दार उघडलं, आतला आवाज थांबला, त्या रात्री परत आला नाही. पण रोज असं कसं करणार? आमचे हे म्हणतात, आपण भाडेकरू, उद्या त्याने आपल्यावरच केस टाकली तर? घरमालकीण म्हणते, नवरा-बायकोचं आहे, मध्ये पडू नये. मला पडायचं आहे. फक्त माझ्यामुळे तिला जास्त मार बसायला नको. तिला न विचारता पोलिसांना फोन केला तर चालेल का? माहीत असणाऱ्यांनी कृपया सांगा.

रानवारा

सरळ ११२ लावा. एक रात्र आत बसला की सुधारेल. आणि तिला मुलीसकट माहेरी पाठवून द्या, तिथे निदान सुखाने राहील.

पायवाट

अबोली, मी बरीच वर्षं पोलीस ठाण्यातल्या महिला समुपदेशन केंद्रात काम केलं, आता निवृत्त आहे. तुम्ही बेल वाजवलीत ते अगदी योग्य केलंत. २००८ साली ‘बेल बजाओ’ नावाची मोहीम आली होती, तिच्या जाहिरातींत शेजारी हेच करायचे. बेल वाजवायची, काहीतरी क्षुल्लक मागायचं. आपला आवाज बाहेर जातोय हे मारणाऱ्याला कळलं की हात थांबतो. मात्र एकट्याने जाऊ नका, आणि त्याला चार शब्द सुनावू नका. तुम्ही गेल्यावर त्याचा वचपा तिच्यावर निघतो.

ओढणीचं वाचून मी थांबले. तो गळा दाबत असेल तर हे प्रकरण नेहमीच्या मारहाणीतलं नाही. ज्या बाईचा नवऱ्याने एकदा गळा दाबला, तिचा पुढे खून होण्याचा धोका कितीतरी वाढतो. वरून खूण दिसेलच असं नाही. आवाज घोगरा झालाय का, गिळताना दुखतंय का, डोळ्यांत रक्ताचे ठिपके आहेत का, एवढं बघा. तसं असेल तर तिला सरकारी दवाखान्यात घेऊन जा आणि डॉक्टरांना ‘पडले’ नाही, ‘नवऱ्याने गळा दाबला’ असं सांगू द्या. एमएलसी, म्हणजे कायद्याच्या कामी येणारी वैद्यकीय नोंद, होते, कागद राहतो. ज्या रात्री जिवाचं वाटेल त्या रात्री कुणाला न विचारता ११२ लावा. तिथे परवानगीचा प्रश्नच नाही.

एरवी मात्र तिला विचारल्याशिवाय पोलिसात जाऊ नका. मी पाहिलंय ते असं. बाई ठाण्यात येते, एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नुसती नोंद) लिहून घेतात, ‘मिटवून घ्या’ म्हणतात, नवरा संध्याकाळी घरी हजर. ती रात्र तिची सगळ्यात वाईट असते. रानवारा, तुमची तळमळ कळते, पण माहेरी पाठवायचा निर्णय तुमचा-माझा नाही. वडील नसलेल्या घरी ती मुलीला घेऊन कुणाच्या जिवावर जाणार? शिवाय चार महिन्यांनी सासरचे कोर्टात सांगतात, ‘ती स्वतःहून निघून गेली.’

तुमच्या ह्यांना दाखवा: कौटुंबिक हिंसाचाराचा २००५ चा कायदा, कलम ४. हिंसा होते आहे असं ज्याला सकारण वाटतं अशी कुणीही व्यक्ती संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकते, आणि प्रामाणिकपणे कळवलं असेल तर त्याबद्दल तिच्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही. म्हणजे शेजाऱ्याने मध्ये पडावं हे कायद्यातच धरलेलं आहे. संरक्षण अधिकारी महिला व बाल विकास विभागाचे असतात. १८१ या महिला हेल्पलाइनवर फोन केलात तर तुमच्या भागातले कोण, ते विचारता येईल.

आधी तिच्याशी एकटीशी बोला. गच्चीवर, कपडे वाळत घालताना, सासू नसताना. ‘सोडून दे त्याला’ हे वाक्य पहिल्या भेटीत नको. ‘रात्री आवाज आला, तुला काही लागलं नाही ना? कधीही दार वाजव’ एवढंच. व्हॉट्सॲपवर अजिबात लिहू नका, अशा घरात फोन तपासले जातात.

हडसनकाठ

मी न्यू जर्सीत असते. हे इथेही होतं, आपल्याच मराठी घरांत, शिकल्या-सवरलेल्यांत. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जगात जवळपास दर तीन बायकांतली एक आयुष्यात कधीतरी मारहाण किंवा लैंगिक हिंसा सोसते, आणि बहुतेक वेळा ती जोडीदाराकडूनच. इथे नवऱ्याच्या हातात व्हिसाही असतो. नवरा नागरिक किंवा ग्रीनकार्डवाला असेल तर १९९४ च्या कायद्याने बायको त्याच्या मदतीवाचून ग्रीनकार्डसाठी स्वतःचा अर्ज करू शकते. पण एच-४ वर, म्हणजे नोकरीला आलेल्या नवऱ्यावर अवलंबून असलेल्या व्हिसावर, आलेल्या आपल्या मुली बहुतेक त्यात बसत नाहीत. ‘पोलिसांना बोलावलंस तर परत पाठवतील’ ही धमकी मी स्वतः एकीच्या तोंडून ऐकली आहे. गुन्ह्याच्या तपासात मदत करणाऱ्या पीडितेसाठी यू-व्हिसा असतो, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. दक्षिण आशियाई बायकांसाठी ‘मानवी’ ही संस्था इथे १९८५ पासून आहे, तिचा नंबर मी घरी येणाऱ्या प्रत्येक नव्या मुलीला देते. अबोली, तुम्ही विचारताय हेच मला फार मोलाचं वाटलं.

अबोली

पायवाटताई, काल गच्चीवर बोलले. आधी काहीच बोलली नाही, मग रडली. गळ्याचं खरं आहे. दवाखान्यात चल म्हटलं तर उद्या सासू देवळात गेल्यावर येते म्हणाली. पोलीस नको म्हणते. फ्लॅट सासऱ्यांच्या नावावर होता, आता सासूच्या. सासूने बजावलंय, ‘घर माझं आहे, तोंड उघडलंस तर पोरीसकट रस्त्यावर.’ याला काय सांगू?

पायवाट

तिला सांगा, ही धमकी आता चालत नाही. पूर्वी अडचण होती, कारण सासू-सासऱ्यांच्या मालकीचं घर सुनेचं ‘सामायिक घर’ नाही असं न्यायालयं म्हणायची. ऑक्टोबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते उलटवलं. लग्नानंतर ती त्या घरात संसार करून राहिली असेल, तर घर कुणाच्याही नावावर असो, तिला तिथे राहण्याचा हक्क मागता येतो. कायदेशीर मार्गाशिवाय तिला बाहेर काढता येत नाही.

त्याच २००५ च्या कायद्याखालचा हा दावा दंडाधिकाऱ्यांपुढे चालतो. नवऱ्याला जेलमध्ये घाला असं तिला म्हणावं लागत नाही. तिला बहुतेक हेच भय असेल, म्हणून हे आधी सांगा. मारू नये, घराबाहेर काढू नये, मुलीचा खर्च द्यावा असे आदेश मागता येतात. निकाल ६० दिवसांत द्यायचा प्रयत्न करावा असं कायदा म्हणतो. कोर्टात त्याहून खूप जास्त लागतात, म्हणून कलम २३ खाली अंतरिम (निकालापर्यंतचा तात्पुरता) आदेश पहिल्याच अर्जात मागायला लावा. संरक्षणाचा आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा २०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि तो गुन्हा अजामीनपात्र आहे. वकिलाचे पैसे नाहीत म्हणाली तर कोर्टाच्या आवारातल्या विधी सेवा कार्यालयात न्या. बाईचं उत्पन्न कितीही असो, तिथला वकील मोफत मिळतो. चौकशीला नंबर १५१००.

उद्या दवाखान्यात जाताना तिचं आधारकार्ड, मुलीचा जन्मदाखला, लग्नाचा एखादा फोटो आणि बँकेचं पासबुक सोबत आणायला सांगा. झेरॉक्स काढून एक संच तुमच्या कपाटात ठेवा. मूळ कागद परत जागेवर ठेवायला सांगा, सासूला संशय नको. दवाखान्याचा कागद मात्र तिच्या घरी जाऊ देऊ नका. तो तुमच्याकडेच राहू दे.