'द स्ट्रेंजर्स': मारण्याला कारण नाही म्हणून सिनेमा वाईट?

निशाचर
फ्रेमवेडा यांनी काल लिहिलं की 'द स्ट्रेंजर्स' (2008) म्हणजे "कथा नाही, कारण नाही, एका जोडप्याला दीड तास छळायचं आणि मारायचं, समीक्षकांनी धुतला ते बरोबरच केलं". तिथेच दोन ओळीत उत्तर द्यायला बसलो पण ते आवरेना म्हणून वेगळा धागा काढतोय. शेवट सांगणार आहे, ज्यांनी पाहिला नाही त्यांनी पुढे वाचू नका.

समीक्षकांनी धुतला हे अर्धंच खरंय. समीक्षकांची मतं एकत्र मांडणाऱ्या रॉटन टोमॅटोज साइटवर साधारण निम्मे बाजूने, निम्मे विरोधात. अमेरिकन समीक्षक रॉजर एबर्टने दीड स्टार दिला खरा, पण कारागिरी बघता जास्त स्टार द्यायला हवेत असंही त्याच परीक्षणात म्हटलंय, त्याचा राग सगळा कथेवर होता. त्या वर्षांत 'सॉ' आणि 'हॉस्टेल'च्या रक्तपाताला समीक्षक विटले होते, आणि सुक्याबरोबर ओलंही जळालं. ह्या सिनेमात रक्त किती आहे ते एकदा बघा, शेवट सोडला तर फारसं नाहीच. लोकांनी मात्र डोक्यावर घेतला, 90 लाख डॉलरमध्ये केलेला सिनेमा 8 कोटींच्या वर गेला आणि ब्रायन बर्टिनोचा तो दिग्दर्शक म्हणून पहिलाच.

आता कारणाबद्दल. शेवटी बांधून ठेवलेली क्रिस्टन (लिव्ह टायलर) विचारते, आमच्याशी असं का करताय, आणि मुखवट्यातली मुलगी म्हणते, कारण तुम्ही घरी होतात. फ्रेमवेडांना हा लेखकाचा आळस वाटतो. बर्टिनोने स्वतः सांगितलंय की तो लहान असताना एका रात्री आईवडील बाहेर गेले होते, दार वाजलं, धाकट्या बहिणीने उघडलं तर बाहेरची माणसं भलत्याच कुणाची तरी चौकशी करत होती. नंतर कळलं की ते लोक आसपासची दारं वाजवत फिरत होते आणि जिथे कोणी उघडलं नाही तिथे आत शिरत होते. म्हणजे ती भावंडं घरी होती म्हणून घर वाचलं, आणि सिनेमात त्याने नेमकं तेच फिरवलं, घरी होतात म्हणून मेलात. हा आळस नाही हो, एवढा विचार करून लिहिलेलं वाक्य ह्या प्रकारच्या सिनेमांत मला दुसरं आठवत नाही.

आणि तो एक सीन. क्रिस्टनचा प्रियकर जेम्स सिगरेट आणायला गेलाय, क्रिस्टन एकटी उभी आहे आणि तिच्या मागे अंधारातून गोणपाटाचा मुखवटा घातलेला माणूस येऊन थांबतो. संगीत नाही, कॅमेरा त्याच्याकडे धावत नाही. तो नुसता उभा राहून तिच्याकडे बघतो आणि ती वळेपर्यंत तिथे नसतो. तिला कळतच नाही, फक्त आपल्याला कळतं. मी पहिल्यांदा बघितला तेव्हा तो मुळात दिसलाच नव्हता, शेजारी बसलेल्या बहिणीने माझा दंड इतका घट्ट धरला की मी पडद्यावर पुन्हा शोधायला लागलो. असं भिववणारं काम करणाऱ्याला कथा येत नाही म्हणणं मला पटत नाही.

फ्रेमवेडा
नाव घेऊन धागा काढलात तर नीटच उत्तर देतो.

सुरुवातीबद्दल माझं दुमत नाही. लग्नाच्या पार्टीतून परत येताना रडून डोळे लाल झालेली ती, गाडीत कोणी बोलत नाही, घरात गुलाबाच्या पाकळ्या आधीच पसरून ठेवलेल्या आणि तिने लग्नाला नकार दिलाय. पंधरा मिनिटं मला वाटलं काहीतरी मोठं बघतोय. मग दार वाजतं, 'टमारा आहे का', आणि त्या दोघांचं नातं गेलं ते गेलंच. पुढे फक्त पळा, लपा, पडा. मित्र मदतीला येतो तर जेम्सच त्याला गोळी घालतो, का, तर मित्र हाक न मारता घरभर हिंडतोय. फोडलेली गाडी बाहेर बघून कुठला माणूस असा गुपचूप आत येईल?

आणि ती पाटी! सिनेमा सुरू होताना सांगतात सत्य घटनांवरून प्रेरित, एफबीआयचा वर्षाला 14 लाख हिंसक गुन्ह्यांचा आकडा, दोघांची नावं, तारीख, तिथे काय घडलं ते अजून पूर्ण माहीत नाही वगैरे. अशी केस झालेलीच नाही. मॅन्सन टोळीच्या खुनांबद्दल वाचलेलं, कॅलिफोर्नियातल्या केडी गावचे खून आणि लहानपणीची आठवण असं सगळं एकत्र केलं आणि वर खरं म्हणून शिक्का मारला. खोटं सांगून भीती विकायची ह्याची मला चीड आहे.

कारण नसलेली हिंसा बघायची तर ऑस्ट्रियन दिग्दर्शक हानेकेचा 'फनी गेम्स' (1997) बघा. त्यातला मारेकरी सरळ कॅमेऱ्याकडे बघून तुम्हाला विचारतो, आणि बायको बंदूक उचलून एकाला मारते तर दुसरा रिमोट घेऊन सिनेमाच मागे नेतो. तू हे का बघतोयस हा प्रश्न तिथे प्रेक्षकाला आहे. 'स्ट्रेंजर्स'मध्ये कोणालाच काही प्रश्न नाही.

निशाचर
हानेके भारी दिग्दर्शक आहे पण 'फनी गेम्स'मध्ये तो छडी घेऊन उभा असलेला मास्तर आहे. उठून गेलात तर शहाणे, बसलात तर दोषी. मग 2007 मध्ये तोच सिनेमा इंग्रजीत जवळजवळ शॉटला शॉट पुन्हा काढला, परत तोच धडा.

आणि नातं गेलं कुठे? तो नकार झाला नसता तर जेम्स पहाटे चारला सिगरेटचं निमित्त काढून गाडी घेऊन बाहेर पडला असता का? ती एकटी सापडते ती त्या नकारामुळे. मित्राच्या मुद्द्यावर मात्र तुमच्याशी भांडत नाही, तो सीन लंगडाच आहे.

पेठकर
तुम्ही मंडळी अमेरिकेतलं काय घेऊन बसलात. 1976 साली मी पुण्यात शाळेत होतो. ऑक्टोबरअखेर विजयानगर कॉलनीतल्या जोशी कुटुंबाचा खून झाला आणि 1 डिसेंबरला भांडारकर रोडवर अभ्यंकरांच्या बंगल्यात पाच माणसं मारली. काशीनाथशास्त्री म्हणजे संस्कृत व्याकरणातलं केवढं नाव, म्हातारा माणूस, पत्नी, दोन नातवंडं आणि घरात कामाला असलेली बाई. बेल वाजवून आत शिरले होते.

संध्याकाळी सातनंतर रस्ते ओस पडायचे. मी पहाटे दूधकेंद्रावर बाटल्या घेऊन जायचो ते बंद झालं, बाबा जायला लागले. दाराला आतून दुसरी कडी बसवली, शिवाय रात्री दाराला पाटा टेकवून ठेवायचे, म्हणजे दार ढकललं तर तो पडून आवाज होईल. आई मामाचा आवाज ओळखून सुद्धा दार उघडेना, काहीतरी घरातलं विचारायची आणि उत्तर बरोबर आलं की मग कडी काढायची. पुढच्या मार्चमध्ये अनिल गोखलेचा खून झाला आणि मग ते चौघे खुनी सापडले.

ज्यांनी हे भोगलंय त्यांना दीड तास हेच बघायला मजा येत नाही. फ्रेमवेडा बरोबर आहेत.

सईबाई
पेठकर काका, तुमच्या अनुभवाबद्दल काही म्हणायचं नाही, पण धागा सिनेमाचा आहे. आणि मजा येते असं कोणी म्हटलेलं नाही.

उलट तुमचंच उदाहरण निशाचरच्या बाजूने जातं. तिथे कारण होतं ना? चोरी, पैसे. त्यांना मिळालं ते एवढं किरकोळ होतं की आजही वाचताना हात थरथरतात, मंगळसूत्र, घड्याळ, थोडी रोकड. ह्यासाठी घरची घरं संपवतात का? चोरी हे कारण ऐकून कुणाच्या आईने दुसरी कडी काढून टाकली? समीक्षकांना कारण हवं असतं कारण ते मिळालं की आपण सुटलो असं वाटतं.

आणि आपल्याकडे हे झालेलंच नाही असं नाही. 'कौन' (1999), रामगोपाल वर्मा. पाऊस, घरात एकटी उर्मिला, टीव्हीवर खुनी मोकाट असल्याची बातमी आणि दारात बेल वाजवणारा मनोज वाजपेयी. एक गाणं नाही, तीन माणसं, एक घर. त्याचा लेखक अनुराग कश्यप, आणि त्याच कश्यपचा पहिला सिनेमा 'पांच' ढोबळपणे ह्या जोशी-अभ्यंकर प्रकरणावरून सुचलेला. सेन्सॉरमध्ये अडकला आणि थिएटरात आलाच नाही.

फ्रेमवेडा
'कौन'चा शेवट फसवणूक आहे. जिच्या भीतीत तासभर आपल्याला बसवलं तीच खुनी असं शेवटी सांगायचं, मग आधी एकटी असताना ती कोणाला घाबरत होती?

सईबाई
तिला खरंच भीती वाटत होती, म्हणून. आजारी माणसाला भीती खोटी वाटत नाही. उर्मिलाने एकटीने ओढलाय तो सिनेमा आणि तेव्हा तिच्या वाट्याला 'रंगीला'चंच कौतुक येत राहिलं. ह्या विषयावर मी मागे हटणार नाही.

पेठकर
सईबाई, 'पांच' अडकला ते उत्तम झालं. ह्याच प्रकरणावरचा नाना पाटेकरचा 'माफीचा साक्षीदार' आला तेव्हाही मी गेलो नाही. गेलेली माणसं तुम्हाला कथानक वाटतात, आमच्या गल्लीत त्यांना ओळखणारे लोक राहत होते. काका म्हणून मान दिल्यासारखं करून शिकवू नका.

सईबाई
शिकवत नाहीये. पण ज्यावर कोणी काही काढायचंच नाही ते पुढच्या पिढीला कळणार कसं? माझ्या वयाच्या पुणेकरांपैकी कितीजणांना हे नाव तरी माहीत आहे ते विचारा. आणि गप्प राहणं म्हणजेच आदर हे मला मान्य नाही.

सोसायटी_सचिव
सिनेमा पाहिला नाही पण दाराचा विषय निघाला म्हणून लिहितो. आमच्याकडे गेटवर ॲप आहे, येणाऱ्याचा फोटो, नाव, फ्लॅट सगळी नोंद होते आणि तरी लोक फोनवर न बघता 'अलाऊ' दाबतात. रोज शेकडो डिलिव्हरीवाले आत येतात, कोण कुठला पत्ता नाही. सेफ्टी डोअर बसवा म्हणून तीन वेळा नोटीस काढली तर म्हणे पॅसेजची शोभा जाते. उद्या काही झालं की सचिवाला धरतील.

सईबाई
सचिव, जोशी-अभ्यंकरांना मारणारे जक्कल आणि त्याचे साथीदार कोण होते? पुण्यातल्या कला महाविद्यालयातली मुलं. पहिला बळी प्रकाश हेगडे त्यांच्याबरोबरच शिकणारा. तुमच्या गेटवर ते चौघे आले असते तर वॉचमनने नमस्कार करून सोडलं असतं आणि पाठीवर पिशवी घेतलेल्या पोराला उन्हात उभं केलं असतं. दहा मिनिटांत जेवण पोचवणाऱ्याला लिफ्ट नाकारणाऱ्या सोसायट्या मला माहीत आहेत, सुरक्षेच्या नावाखाली हेच चालतं.

सोसायटी_सचिव
लिफ्ट आम्ही नाकारत नाही. न बघता आरोप करू नका. एकदा सचिव होऊन बघा, मग बोला.

दूरदेशी
मूळ विषयाकडे येऊ का? मी अमेरिकेत आले तेव्हा 'स्ट्रेंजर्स' पाहिलेला होता आणि मला त्यातलं घरच खोटं वाटलं होतं. खिडक्यांना गज नाहीत, तळमजल्यावर जमिनीपासून छतापर्यंत काच, अशा घरात कोण राहील? मग आम्ही तसंच घर घेतलं.

नवरा हॉस्पिटलमध्ये रात्रपाळीला, मी आणि लेक. संध्याकाळ झाली की मागच्या काचेच्या दारात बाहेरचं काही दिसत नाही, आपलाच दिवा आणि आपणच दिसतो. बाहेरच्याला मात्र आपण ताटात काय वाढतोय तेही दिसतं. एकदा रात्री अकराच्या पुढे दार वाजलं. मी सगळे दिवे बंद केले, तेव्हा बाहेरचं दिसायला लागलं, अंगणात एक मुलगी उभी होती. तिची गाडी बंद पडली होती आणि फोनही. मी दार उघडलं नाही. आतूनच ओरडून सांगितलं की पोलिसांना फोन करते, केला, ते आले आणि तिला घेऊन गेले. थंडीत ती तेवढा वेळ बाहेर कुडकुडत होती आणि मी आत लेकीला घेऊन जिन्यात बसले होते.

हा सिनेमा चांगला की वाईट मला सांगता येणार नाही. पण तो मनात राहिला त्याचं कारण मुखवटे नाहीत, ती काच आहे. एबर्टला हे दिसलं नसेल, तो असल्या घरांच्या देशातच वाढला.

पेठकर
दूरदेशी, बरोबर केलंत. दार उघडायचं नाही.

निशाचर
मी ह्यावर वेगळं मत असू शकतं एवढंच म्हणतो, ती मुलगी थंडीत होती. पण बाहेर बसून मी बोलणार नाही.

फ्रेमवेडा, एक सांगा. कारण द्यायला हवं होतं म्हणता ना, ते नंतर दिलंच त्यांनी. 2024 पासून रेनी हार्लिनने तीन भागांची मालिका काढली, शूटिंग स्लोव्हाकियात, पहिला भाग म्हणजे जुन्याचीच उजळणी. 2025 च्या दुसऱ्या भागात मारेकऱ्यांचं बालपण दाखवायला घेतलं, वर रानडुकराचा हल्ला. समीक्षकांनी त्याला 2008 पेक्षा कितीतरी जास्त झोडपलं. मुखवट्यामागे कोण आहे हे कळल्यावर भीती शिल्लक राहिली का तुम्हाला?

फ्रेमवेडा
नाही राहिली. तो दुसरा भाग मी अर्ध्यात बंद केला, तेवढं तुमच्या पदरात टाकतो. त्यापेक्षा 2008 चा शंभर पटीने बरा. पण वाईट कारण दिलं म्हणजे कारणच नको असं होत नाही, आणि पाटीबद्दल तुम्ही अजून एक शब्द बोललेला नाहीत. पेठकरांसारख्यांच्या शहरात खरंच घडलेलं असतं, आणि इथे कोणी दोन नावं बनवून 'सत्य घटना' म्हणून तिकीट विकतो. त्याचं काय?

निशाचर
पाटी खोटी आहे आणि ती नसती तर सिनेमा आणखी चांगला झाला असता. पहिलं मिनिट कापा. उरलेल्या दीड तासातला कुठला सीन त्या पाटीवर उभा आहे ते दाखवा, मग पुढे बोलू.

सईबाई
आणि 'कौन' परत बघा दोघांनी. रात्री, हेडफोन लावून.